किसनमामांचं मीटर

किसनमामांशी माझी खरी ओळख झाली ती भांडणातून. साखरखेर्ड्याच्या शाळेत रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळी खोलीतला दिवा तसाच ठेवून मी काडेपेटी आणायला दुकानात गेलो. परतलो तर घरमालक, म्हणजे मामा, दारात उभे.

"गुरुजी, तुमी खोलीत नव्हते?"

"दुकानात गेलो होतो."

"मंग लाइट काऊन चालू ठेवला? रिकाम्या खोलीत लाइट कोनाले दिसासाठी?"

झालं, म्हटलं मनात, मिळाला घरमालक! दिव्याचा खर्च भाड्यातच धरलेला, त्यामुळे मला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. मी आत गेलो.

मामा माळी. गावाबाहेरच्या मळ्यात वांगी, मेथी, मिरच्या लावायचे. बायको वारलेली, एकुलती एक मुलगी बीबी गावी दिलेली. गावात तेव्हा वीज नवी होती आणि मामांनी हौसेने जोडणी घेतलेली. पण स्वतःच्या खोलीतला दिवा ते भाकर खाण्यापुरता लावत. मग ओसरीवर विजेच्या मीटरखाली खाट टाकायची, खिळ्याला कंदील टांगायचा आणि त्या उजेडात मीटरमधलं चाक बघत बसायचं. कंदील लावून विजेवर पाळत ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. जितकी वीज वाचे तितकं रॉकेल जळत असणार, पण हे त्यांना सांगणार कोण?

माझी खोली मागे परसात होती, ओसरीवरून दिसत नसे. तरी मामा बसल्या जागेवरून हाक मारायचे, "गुरुजी, जेवले का?" मी आतून ओरडायचो, "जेवलो!" तेवढंच बोलणं. परक्या मुलखात तेवढंही मला बरं वाटे.

शेजारच्या रामभाऊ शिंप्याने एकदा त्यांना डिवचलं. म्हणाला, "मामा, घडी घडी चालू-बंद केलं का जास्तच जळते. त्यापेक्षा राहू द्या ना चालू." मामांनी त्याला हाताला धरून ओसरीवर आणलं आणि मला दिवा लावायला, विझवायला पिटाळलं. चाकावरची लाल खूण दिवा लागला की हळूहळू सरके, विझला की थांबे. "पाह्य," मी परतलो तेव्हा मामा त्याला म्हणत होते. "थांबलं का नाई? ते लबाडी नाई करत." शिंपी हसून निघून गेला. मामा मात्र हसले नाहीत.

रिकाम्या खोलीतल्या दिव्यावरून त्यांनी मला आणखी दोनतीनदा झापलं, तेव्हा माझंही डोकं फिरलं. मी सरळ रॉकेलची चिमणी आणली आणि तिच्या धुरात वह्या तपासू लागलो. घ्या म्हटलं, वाचवा वीज! त्या दिवसांत मामांची हाक बंद झाली. चिडले असतील, असं मी समजलो.

मग एका संध्याकाळी दार वाजलं.

"गुरुजी, घरी हाय का तुमी?"

"आहे की. या."

मामांनी चिमणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग लाइट काऊन नाई लावला? मले वाटलं, तुमी गावाले गेले."

"तुमचं बिल वाचवतोय, मामा."

"बिलाचं काय घेऊन बसले!" ते उंबऱ्यावरच टेकले. थोडा वेळ पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. "चाक फिरलं का मले समजते, घरात मानूस हाय. मंग मी हाक मारतो. तुमी लाइट ठेवून जाता, चाक फिरून राह्यते, मी हाक मारतो अन् जवाबच येत नाई. मंग लय खराब वाटते, गुरुजी. बायको गेली, तिच्या मांगं तसंच व्हाचं. मारत राहाचो हाक."

मी उठून दिवा लावला. त्यानंतर खोली सोडताना बटन बंद करायला मी कधी विसरलो नाही, आणि खोलीत असताना दिव्याशिवाय बसलो नाही.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. मामांनी वांग्यांची पिशवी हातात दिली आणि मळ्यात काम आहे म्हणून एसटी येण्याआधीच निघून गेले.

पुढे एकदा नोकरीच्या कागदांसाठी साखरखेर्ड्याला जावं लागलं. दिवेलागणीला मामांकडे गेलो. खाट तिथेच, कंदील तिथेच. मामा वाळले होते. मला पाहून धडपडत उठले, पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. माझं लक्ष वर गेलं. चाक फिरत होतं.

"नवीन बिऱ्हाड आलं वाटतं?"

"नाई. कोन येते?"

म्हणजे दिवा चुकून राहिला असणार. जुन्या सवयीने मी परसात गेलो. कडी काढली. खोलीत काहीच नव्हतं, नुसता दिवा जळत होता. बटन बंद करून मी ओसरीवर आलो. चाक थांबलं होतं. मामा मान वर करून त्याच्याकडे बघत होते.

"लावा तो लाइट, गुरुजी," ते म्हणाले. "आता मी हाक नाई मारत."