दोन हजार पाकिटं

“कागद कुणाचा हे कागदाला विचारायचं नाही, तो सापडला त्या जागेला विचारायचं.”

खळमावशी हे बोलली तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत खळीने माखलेले होते, आणि समोर स्टुलावर बसलेला चित्रकार ते वहीत उतरवून घेत होता. सार्वजनिक वाचनालयाच्या तळघरात एकतीस वर्षं ती फाटकी पुस्तकं शिवत होती. अंगाला पिठाच्या खळीचा वास, म्हणून खळमावशी. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. त्या खोलीत लोक यायचे ते पुस्तकांचे गठ्ठे टाकायला, नाहीतर गेलेला दिवा बदलायला. बसायला आलेला हा पहिलाच.

वाचनालयाने त्याला काम दिलं होतं. दर्शनी दालनात भिंतभर पडदा लागणार होता आणि त्यावर वस्तीतल्या माणसांच्या आयुष्यातून घडवलेलं हलतं चित्र. ग्रंथपालसाहेब येईल त्याला सांगत, “कला आता लोकांच्या घरातून येणार.” लोकांच्या घरातून येणारं सगळं मात्र मावशीच्या कपाटात होतं.

शिवण उसवली की पुस्तक पोटातलं बाहेर टाकतं. तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, सामानाच्या याद्या, कुणाला तरी लिहून कधीच न पाठवलेली पत्रं. मावशी त्यातलं काही फेकत नसे. प्रत्येक कागदाला वेगळं पाकीट. पाकिटावर पेन्सिलीने पुस्तकाचा क्रमांक आणि पान. पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत बारीकशी फुली, म्हणजे याचं काहीतरी कपाटात आहे. कागदावर मात्र टिंबसुद्धा नाही. दुसऱ्याच्या कागदावर आपण लिहायचं नाही, हा तिचा कायदा. वर्षाकाठी दोघंतिघं यायची, ओशाळत विचारायची, आणि मावशी पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवायची. अशी दोन हजारांवर पाकिटं साठली होती.

किल्ली तिने स्वतःच्या हाताने दिली. चित्रकार तीन दिवस तिच्यापाशी बसला होता, सुई कशी ओवता, दाबाखाली किती वेळ ठेवता, सगळं विचारलं होतं.

“एक काढायचा, फोटो घ्यायचा, त्याच पाकिटात परत घालायचा,” मावशीने बजावलं. “तोवर दुसऱ्याला हात लावायचा नाही.”

“अगदी तसंच, मावशी,” तो म्हणाला, आणि पाकिटं खोक्यांत भरून आपल्या कामाच्या जागी घेऊन गेला.

घरी धाकट्या बहिणीने तेव्हाच टोमणा मारला. “तीन दिवस कुणी गोड बोललं तर लगेच किल्ली दिलीस. मला तुझं शालीचं कपाट उघडू देत नाहीस.”

“तुला दिलेली शाल परत येते का कधी?”

“बघू, त्याचं काय काय परत येतंय.”

उद्घाटनाला पंधरा दिवस असताना एक नर्स तळघरात उतरली. चाळिशीची, ड्यूटीच्याच कपड्यांत, हातात तिच्या आईचं वाचनालयाचं जुनं कार्ड.

“मी दीड वर्षाची होते ती गेली तेव्हा,” ती म्हणाली. “घरात तिच्या हातचं एक अक्षर नाही. आत्या म्हणते, वाचता वाचता काहीबाही लिहून पुस्तकात ठेवायची सवय होती तिला. इथे विचारून बघ म्हणाली.”

मावशीने जुन्या वाटपाच्या वह्या काढल्या. आईने नेलेली सतरा पुस्तकं निघाली. सोळांत फुली नव्हती. सतरावं होतं झाडांच्या मुळांवरचं जाडजूड पुस्तक. ओल लागली म्हणून कधीतरी शिवायला आलेलं. मागच्या, परतीच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, त्या आईच्या क्रमांकासमोर. साऱ्या आयुष्यात त्या पुस्तकाला एकच वाचक भेटला होता. आणि आत फुली होती. म्हणजे पाकिटात जे काही होतं ते त्या बाईचंच.

“खोकी उद्घाटनाला परत येतायत,” मावशी म्हणाली. “त्या दिवशी ये. तुझ्या हातात देते.”

एरवी ती कुणाला शब्द देत नसे.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी ती दालनात गेली. पडद्याखाली एक पारदर्शक पेटी मांडली होती. तिच्यात सगळे कागद, पांढऱ्यापासून तपकिरीपर्यंत रंगारंगाने रचलेले, देखणे. पाकीट एकही नव्हतं.

“पाकिटं कुठायत?”

“ती फार मळली होती, मावशी. आमच्या लोकांनी रद्दीत काढली,” चित्रकार म्हणाला. “रंगाने लावून स्कॅन केले, नाहीतर वर्ष गेलं असतं. पण कागद एकही हरवलेला नाही. मोजून घ्या.”

“मोजून घेऊ? दोन हजार माणसं एका खड्ड्यात लोटलीस तू, आणि मला मोजायला सांगतोस?”

साहेब लगबगीने आले. “मावशी, जरा हळू. पाहुणे यायला लागलेत. आणि कोण येणार होतं हो ते कागद मागायला? आता निदान गावभर बघतील.”

मावशीचे कान तापले. त्या दोघांच्या थोबाडीत देता आली असती तर बरं झालं असतं. पण तिसरी थोबाडीत तिला स्वतःला हवी होती. प्रत्येक कागदामागे पेन्सिलीने एक आकडा लिहायला काय झालं होतं? एकतीस वर्षं मिरवलेला कायदा. त्याच कायद्याने त्या पोरीची आई ढिगाऱ्यात गेली होती.

ती तळघरात उतरली आणि मुळांचं पुस्तक पानपान उलटत बसली. दोनशे बाराव्या पानावर एक सावली सापडली. वर्षानुवर्षं दबून राहिलेला कागद पानावर आपल्या आकाराचा तपकिरी डाग सोडतो. हा वीतभर लांब, चार बोटं रुंद, एक कोपरा तिरका फाटलेला. ढिगाऱ्यातून तो कागद ओळखायला तेवढीच खूण उरली होती.

पुस्तक घेऊन ती वर आली तेव्हा दालन भरलं होतं. पडद्यावर पहिल्यांदा तिचंच वाक्य उमटलं, हातभर अक्षरांत, खाली ‘वाचनालयातील एक आवाज’. मग कागद तरंगू लागले, चिटोऱ्यापासून पत्रापर्यंत सगळे सारखेच दाराएवढे. लोक माना वर करून वाचत होते, हसत होते. नर्स अगदी पुढे उभी होती. प्रत्येक कागद येई तशी ती एक पाऊल पुढे सरके, तो गेला की मागे येई.

“मावशी,” तिने विचारलं, “ह्यातला कुठला?”

तेवढ्यात साहेबांनी माइकवरून पुकारलं. “ह्या भिंतीमागचे खरे हात आमच्या खळमावशींचे. मावशी, या, दोन शब्द बोला.” टाळ्या झाल्या. कुणीतरी माइक तिच्या हातात दिला.

मावशीने तो चित्रकाराच्या हातात कोंबला. खाली वाकून पेटीचं झाकण दाबून बसवलं, त्यावर पुस्तक ठेवलं आणि पेटी छातीशी धरून उचलली.

“मावशी, ती मांडणीतली आहे,” चित्रकार कुजबुजला. “ती तिथेच हवी.”

साहेब आडवे आले. मावशी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. शेवटी तेच बाजूला झाले. टाळ्या थांबल्या होत्या. पडद्यावर कुणाचीतरी सामानाची यादी एकटीच तरंगत होती. नर्सने पुढे होऊन दार धरलं, आणि मावशी बाहेर पडून तळघराचा जिना उतरू लागली.