फक्त फोन कर

टपालाने माल विकणाऱ्या एका कंपनीत ती जाहिराती लिहायची. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर तुटक रेघांच्या चौकटीत ‘इथे कापा’ असं कूपन असायचं, त्याच्या वरचा सगळा मजकूर तिचा. कानाची यंत्रं, विणकामाचे संच, गुडघ्याचे पट्टे. ऑफिसात तिला सगळे कूपनताई म्हणत. तिला ते आवडायचं. ‘छान लिहिलंय हं’ एवढ्यावर तिचं कधी भागलं नाही. वाचणाऱ्याने कात्री हातात घेतली की नाही, ते सकाळी टपालाची पोती उघडली की कळायचं.

हे काम तिला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे मजकूर विभागाचे प्रमुख. शर्टाच्या खिशावर कायम शाईचा डाग. तिचा पहिला मजकूर त्यांनी वाचला आणि वरच्या तीन ओळींवर काट मारली.

"इथपर्यंत तू घसा साफ करत होतीस. बोलायला लागलीस ती चौथ्या ओळीला."

"आणि शेवट?"

"शेवटी नमस्कार करून निघून गेलीस. त्या बिचाऱ्याने आता करायचं काय? कूपन काप, नाव लिही, पेटीत टाक. सरळ सांग, लाजू नकोस." मग चष्मा काढून ते म्हणाले, "आणि हजार लोकांना लिहू नकोस. एकालाच लिही. ज्याच्याशी खरंच बोलायचंय असा कोणीतरी डोळ्यांसमोर आण."

तिने धाकट्या भावाला आणलं.

भाऊ घर सोडून गेला त्याला तेव्हा फार काळ झाला नव्हता. आई लवकर गेलेली. खाली बाबांचं शिवणकामाचं दुकान, वर घर. भावाचं दुकानात लक्ष नव्हतं आणि बाबांच्या तोंडाला लगाम नव्हता. एका दुपारी गिऱ्हाइकासमोर बाबा म्हणाले, याच्या हातून बटणसुद्धा धड लागत नाही. भाऊ वर आला, पिशवी भरली, आणि जिन्याच्या तोंडाशी तिच्यासमोर येऊन थांबला. ती कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, "जाताना दार ओढून घे, मांजर आत येतं."

त्याने दार ओढून घेतलं. तिला वाटलं होतं, राग उतरला की येईल संध्याकाळपर्यंत. त्याच्या त्या थांबण्याचा अर्थ तिला कामावर लागल्यावर कळला. तो उभा होता, आणि काय कर ते त्याला कोणी सांगितलंच नाही.

मग ती त्यालाच लिहीत गेली. कानाच्या यंत्राच्या जाहिरातीत तिने लिहिलं, ‘हाक ऐकू येत नाही, की ऐकू आली तरी वळावंसं वाटत नाही?’ मालकांनी अर्धं वाक्य काढायला लावलं, मास्तरांनी गुपचूप परत घातलं, आणि पोती आली ती दोघांना उचलेनात. ती पोती उपसताना तिची नजर अक्षरांवरून फिरायची. त्याचं तिरकं वळण कुठे दिसतं का. गुडघ्याचा पट्टा मागवायचं त्याचं वय नव्हतं, तरी त्या कूपनांमध्येही ती शोधायची.

वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर ती बसली. बाबांची नजर अधू झाली, दुकानाला कुलूप लागलं. भावाचं नाव ते काढत नसत. पण जेवताना जिन्यात पाय वाजला की त्यांचा घास हातात राहायचा. पाऊल शेजारच्या दाराकडे गेलं की मग तोंडात जायचा. हे बघून बघून एके दिवशी तिने स्वतःसाठी जाहिरात लिहायला घेतली.

आयुष्यभर दुसऱ्यांचा माल खपवणाऱ्या बाईला चार ओळी जमेनात. पहिल्या खर्ड्यात ती नुसती रडली होती. दुसऱ्यात ‘बाबा आता बदललेत’ असं आलं, तेही तिने खोडलं, कारण खोटं आश्वासन तिने पट्ट्याच्या जाहिरातीतही कधी दिलं नव्हतं. शेवटी तिने नेहमीसारखं केलं. दोन मजकूर, दोन वर्तमानपत्रं, कुठला चालतो ते बघायला. एकात लिहिलं, ‘बाबा थकलेत. असशील तिथून निघून ये.’ खाली ऑफिसचा नंबर. दुसऱ्यात लिहिलं, ‘तुझी खोली तशीच आहे. यायलाच हवं असं नाही. फक्त फोन कर. संध्याकाळी मी घरी असते.’ खाली घरचा नंबर.

पहिलीला उत्तरं आली ती भावाला शोधून देतो म्हणणाऱ्यांची. दुसरीला मात्र घरचा फोन थांबेना.

पहिल्याच संध्याकाळी एक बाई बोलली. "ताई, ही जाहिरात तुमच्या भावासाठी आहे ना?"

"हो. तुम्ही ओळखता त्याला?"

"नाही हो. माझा नवरा सकाळपासून ते पान हातात धरून बसलाय. तोही असाच निघून आलेला. त्याला वाटतंय, त्याच्या बहिणीनेच दिलीय, नंबर बदलला असेल. ही ती नाही, हे त्याला मी कसं सांगू?"

ती म्हणाली, "सांगू नका. त्याच्या घरचा नंबर असेल तर तो फिरवून रिसीव्हर त्याच्या हातात द्या. काय बोलायचं ते आधी ठरवू देऊ नका."

असे कितीतरी फोन आले. कोणी नुसतं ऐकून ठेवून द्यायचं. एका म्हाताऱ्याने विचारलं, खोली भाड्याने आहे का. बाबा सुरुवातीला चिडचिड करत, हे काय टेलिफोन ऑफिस उघडलंयस घरात. मग त्यांची खुर्चीच फोनजवळ सरकली. एकदा ती भाजी घेऊन आली, तर बाबा कोणाशी तरी बोलत होते. "तू तो नाहीस, कळलं मला. असू दे. जेवलास का?" ती पिशवी हातात तशीच धरून दाराशी उभी राहिली. हा प्रश्न भावाला त्यांनी कधी विचारल्याचं तिला आठवेना.

भावाचा फोन आला तो बाकीचे फोन जवळजवळ थांबल्यावर. त्याने जाहिरात पाहिलीच नव्हती. त्याच्याबरोबर काम करणारा एक माणूस ती वाचून आपल्या घरी जाऊन आला होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ती ऐकवली, आणि नंबर ऐकल्यावर भाऊ उठून बाहेर गेला.

"आत्ता नाही यायला जमणार," तो म्हणाला. आवाज जाड झाला होता.

"मी ये म्हटलेलं नाही. फोन कर म्हटलंय."

तो हसला. तिने रिसीव्हर बाबांकडे दिला. बाबांनी तो कानाशी धरला. ओठ हलले, शब्द फुटला नाही. पलीकडूनही काही आलं नाही, पण दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.

तेव्हापासून तो अधूनमधून फोन करतो. कुठे राहतो ते सांगत नाही, ती विचारत नाही. परवा बोलता बोलता त्याच्यामागे रस्त्यावरचे आवाज आले, आणि त्यातून एका लहान मुलीने "बाबा, चला ना" अशी हाक मारली. तो "आलो गं" म्हणाला आणि घाईने फोन ठेवला. ती रिसीव्हर धरून बसली.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"घाईत होता," ती म्हणाली. मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं होतं. ते कळल्याशिवाय बाबांना काय सांगायचं, ते तिला सुचेना.