आधी तासभर खेळायचं, मग बोलायचं

माझा भाऊ हार्डवेअर कमी पडल्यामुळे गेला नाही.

हे आज जाहीर लिहिते आहे, कारण वर्षापूर्वी तो गेल्याची बातमी त्याच्या गेमिंगच्या ग्रुपवर आली, तेव्हा खाली एका गृहस्थांनी लिहिलं होतं, 'सरांनी कधी मान्य केलं नाही, पण शेवटी हार्डवेअरच कमी पडतं.' पुढे हात जोडलेले.

तेव्हा सुतक होतं. गप्प बसले.
आज बोलते.

सुधीर माझा धाकटा भाऊ. कॉलेजात गणित शिकवायचा. हृदय अर्ध्याच ताकदीने चालतंय असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच महिन्यात त्याने हातात मावेल असा छोटा गेमिंग कन्सोल आणला.

"पन्नाशीत खेळणी?" मी विचारलं.
"ताई, धावायला मनाई आहे. अंगठ्यांना नाही."

माझ्या मुलाकडे, निखिलकडे, मोठा आणि महागडा कन्सोल. त्यामुळे रविवारी आमच्या कर्वेनगरच्या घरी मामा-भाच्यांचा एकच वाद. तो नवा अवजड गेम, ज्यात अख्खं शहर, गर्दी, पाऊस सगळं आहे, तो छोट्या यंत्रावर चालेल का?

"मामा, स्पेक्स बघ, यंत्राची ताकद बघ. चालणारच नाही."
"स्पेक्स पाहिलेत. तू खेळून पाहिलास?"
"गरजच नाही."
"मग बोलायचीही नाही. आधी तासभर खेळायचं, मग बोलायचं."

एका रविवारी सुधीर म्हणाला, "हरलो बाबा. तुझ्यासारखाच मोठा आणला." टीव्हीखाली माझं क्रोशाचं कव्हर घातलेलं काहीतरी होतं.

निखिल तासभर खेळला. पोहे गार झाले.

"बघ मामा! याला म्हणतात पॉवर."

सुधीरने कव्हर उचललं. खाली तोच छोटा कन्सोल, टीव्हीला जोडलेला. तापू नये म्हणून मागून माझा टेबलफॅन लावलेला.

"चीटिंग आहे ही! सावल्या कमी केल्यायस तू. रस्त्यावर माणसंही कमी आहेत."
"हो. तासाभरात त्यातल्या कुणाची आठवण आली का तुला?"

निखिल गार पोहे खायला बसला.

नंतर सुधीर मला म्हणाला, "यंत्र लहान असलं की काय सोडायचं ते ठरवावं लागतं, ताई. खेळ सोडायचा नाही."

तो तसाच जगला.

मीठ सोडलं. स्कूटर सोडली. लग्नं, बारशी, सोसायटीच्या मीटिंगा सोडल्या. मीटिंगा सोडताना तर फारच खूश होता.

वर्ग सोडले नाहीत.

कॉलेजच्या जिन्यात प्रत्येक वळणावर थांबायचा. मुलांना वाटायचं, सर गणिताचा विचार करतायत. सर श्वास घेत असायचे. पण वर्गात वेळेवर.

गेला त्याच्या आदल्या दिवशीही त्याने शिकवलं. आणि हो, तो गेमही शेवटपर्यंत खेळून संपवला.

तेव्हा अहो गृहस्थ, आपलं हृदय धडधाकट आहे असं गृहीत धरते. त्यावर आपण काय पूर्ण केलंत, तेवढं कळवावं.

आज संध्याकाळी कन्सोल टीव्हीला जोडून ठेवते आहे. फॅनसकट. ग्रुपमधल्या ज्यांना अजूनही 'चालणार नाही' म्हणायचं आहे, त्यांनी यावं. पत्ता मेसेज करते. पोहे मिळतील.

नियम तोच.

निखिलही येतोय. हल्ली मामाची बाजू तोच लढवतो. आवाज चढवून.

सुधीर, चालतोय रे.

तू नीघ. वाद आम्ही बघतो.