आप्पांचा शब्द आणि थोरली म्हैस

आठवणी लिहायच्या त्या वय झालेल्या माणसांनी, हे मला कळतं. मी अजून कॉलेजात शिकतोय. घरात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं आधी कुणाकडून तपासून घ्यावं अशी सोयही नाही. चुकलं तर माफ करा. पण आमच्या निपाणीच्या जनावरांच्या बाजाराबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तिथं मी एकदा चांगलाच गाजलोय.

मला बेळगावला प्रवेश मिळाला तेव्हा घरात दोन म्हशी होत्या. वैरण कापायचं काम माझं. मी गेल्यावर दोघींचं कोण बघणार, म्हणून थोरली विकायचं ठरलं. ती नुकतीच गाभण राहिली आहे, असं आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं म्हणणं. डॉक्टरला काही दाखवलं नव्हतं.

आमच्या बाजारात जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. विकणारा आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. शेजारच्याला कळू द्यायचं नाही. त्या दिवशी आप्पांचा उजवा हात विळा लागून बांधलेला होता, म्हणून टॉवेलाखाली हात माझा गेला.

गिऱ्हाईक चिकोडीकडचे एक जैन शेतकरी होते. घरी कन्नड, बाजारात मराठी. त्यांनी माझी बोटं दाबली. मी मनात हिशेब केला आणि तो आकडा सरळ मोठ्यानं बोलून टाकला. वर विचारलं, "एवढंच?"

आजूबाजूची सगळी माणसं हसायला लागली. शेजारी एक हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, उभा होता. तो ओरडला, "मामा, पोराला कॉलेजात घालताय का पंचायतीच्या भोंग्यावर बसवताय?"

"तुझ्या म्हशीच्या रेकण्यापेक्षा बरा हाय आवाज," आप्पा म्हणाले.

पण भाव उघडा पडला होता. हेडी मध्ये घुसला आणि आमच्या म्हशीच्या पोटावर थाप मारून गिऱ्हाइकाला म्हणाला, "कसली गाभण, अण्णा? नुसता कडबा हाय आत. माझी बघा चला."

गिऱ्हाईक घुटमळले. मग आप्पांकडं वळून म्हणाले, "मामा, तुम्हीच सांगा. हाय का न्हाय?"

"हाय. न्हाय निघाली तर मी सवता येऊन म्हस परत आणतो, अन् पुन्यांदा ह्या बाजारात पाय ठेवत न्हाय."

गिऱ्हाइकांनी पुन्हा टॉवेल पुढं केला. या वेळी आप्पांनी डावा हात घातला आणि सौदा झाला.

परत येताना बसमध्ये मी हळूच विचारलं, "आप्पा, खात्री हाय न्हवं?"

"हाय की." थोडं अंतर गेल्यावर म्हणाले, "असावी."

आप्पांना बाजार म्हणजे जीव की प्राण. विकायचं काही नसलं तरी ते दर आठवड्याला तिथं जाऊन बसतात. त्या सौद्यानंतर ते दिसले रे दिसले की हेडी विचारायचा, "काय मामा, अजून पाय ठेवताय व्हय?" सगळे हसायचे. आप्पाही हसायचे, पण घरी येऊन थोरलीच्या रिकाम्या दाव्यापाशी जाऊन बसायचे.

मी बेळगावहून फोनवर म्हणायचो, "त्या गिऱ्हाइकाचा नंबर हाय की. लावा फोन."

"शब्द देऊन वर विचारायचं व्हय रं? मलाच शंका हाय असं वाटंल त्यांना."

मग आई फोन काढून घ्यायची. "म्हशीचं देव जाणे, पण तुझ्या आप्पाला डोहाळं लागल्यात. जेवाण गोड लागंना."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. वाईट बातमी असती तर एव्हाना आली असती, असं मी म्हणायचो. चांगली असती तर आली नसती का, असं आप्पा विचारायचे. अर्थशास्त्राच्या तासाला मागणी आणि पुरवठा चाललेला असताना मी मात्र म्हशीचे महिने मोजत बसायचो.

शिमगा जवळ आला होता. मी मेसमध्ये जेवत होतो, तेवढ्यात आप्पांचा फोन आला. मागं आईचा आणि शेजारणींचा गलका ऐकू येत होता.

"चिकोडीच्या बसमधनं किटली आलीया," आप्पा म्हणाले. "कंडक्टरनं सवता उतरून हातात दिली."

"कसली किटली?"

"चिकाची रं! तुझी आई खरवस लावतीया. काल म्हस व्याली. रेडी झाली!"