नववी उशी

डोरीन ऑर्मरॉडशी बोलायचं तर आधी तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागायचं. पाठीमागून कितीही बोंबला, उपयोग शून्य. पंधराव्या वर्षी कापडगिरणीत लागली, वीस वर्षं सहा मागांच्या मधे उभी राहिली, आणि गिरणीला टाळं लागलं त्या दिवशी कान तिथंच ठेवून घरी आली. आमच्या रोथनशॉत तिच्या वयाच्या बऱ्याच बायका अशाच. मागांच्या खडखडाटात कुणाचं काही ऐकू यायचं नाही, म्हणून या बायका ओठांनी बोलायला शिकल्या. आवाज काढायचा नाही, तोंड भलं मोठं फाकवायचं आणि एकेक शब्द ओठांवर कोरायचा. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना दोन टोकांच्या दोन म्हाताऱ्या पाद्रीबुवांच्या बायकोच्या टोपीची सालं काढायच्या आणि पाद्रीबुवांना वाटायचं, बायका भक्तिभावानं प्रार्थना पुटपुटतायत.

अशी ही ठार बहिरी बाई आमच्या चर्चच्या आठ घंटांची म्होरकी. हसण्यासारखं काही नाही त्यात. घंटा ओढणाऱ्याला कानांपेक्षा डोळे जास्त लागतात. मनोऱ्यातल्या दोरखोलीत आठ माणसं गोल उभी राहतात. कुणाचा दोर कुणाच्या मागून खाली येतो ते बघायचं आणि आपला ओढायचा. डोरीनचा दोर पन्नास वर्षांत केसभर चुकला नव्हता. मी सहावी ओढायचे. मी चुकले की ती समोरून ओठांनी एक शिवी हासडायची. ती शिवी मला नीट वाचता आली, त्या दिवशी तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, "हिला आता आपली भाषा येतीया बरं का."

माझ्या शेजारची पाचवी घंटा विल्फ शॉरॉकची. विल्फ त्याच गिरणीत जॉबर, माग दुरुस्त करणारा. माग अडला की डोरीन लांबूनच ओठ हलवायची आणि विल्फ पाना घेऊन हजर. डोरीनचा नवरा लवकर गेला, विल्फनं लग्नच केलं नाही. गावानं चाळीस वर्षं मनातल्या मनात दोघांचं जमवून बघितलं. एकदा डोरीनसमोरच मी विल्फला विचारलं होतं, "मागणी घालायची की एकदा."

"घातली की. येकाहत्तर साली. तिनं मान फिरवली."

"मग?"

"मग काय? बहिऱ्या बाईनं मान फिरवली की बोलणं संपलं. आता काय पत्र धाडू?"

तो हसला, डोरीनही हसली. तिनं त्याचे ओठ वाचले होतेच.

राणी गेली त्यानंतरचा तो हिवाळा. गॅसच्या दरानं माणसं मेटाकुटीला आली होती. विल्फच्या घरातला मीटर आधी पैसे टाकले तरच चालणारा. तो बहुतेक वेळा बंदच असायचा. नगरपालिकेनं वाचनालयात एक खोली उघडली होती, उबेची खोली. सकाळी दहा ते चार, फुकट. चहा, मसुराचं सूप, डॉमिनोचा डाव. विल्फ दहाला पाच मिनिटं कमी असतानाच दारात उभा राहायचा आणि चारला शेवटचा बाहेर पडायचा. घरी जाऊन टोपी-कोटासकट अंथरुणात शिरायचं, की सकाळ.

फेब्रुवारीत नव्या राजाच्या राज्याभिषेकाच्या तयारीची समिती बसली. अध्यक्ष जेराल्ड पिकअप, नगरपालिकेतले आमचे सभासद. घंटावाल्यांच्या वतीनं डोरीन. पिकअपसाहेबांनी यादी वाचली. चौकात मोठा पडदा, रस्ताभर पताका, फुलांची पिंपं, संध्याकाळी आतषबाजी. आणि घंटांना आठ नवे दोर. त्या दोरांसाठी डोरीन चार वर्षं अर्ज करत होती. विल्फचा दोर तर इतका झिजला होता, की तो कधी हातात येईल याचा नेम नव्हता.

"पण पैसे?" कुणीतरी विचारलं.

"उबेच्या खोलीसाठी ठेवलेले उरलेत ना, ते. मार्च लागला की थंडी संपलीच. आणि हे बघा, राजाचा अभिषेक सत्तर वर्षांनी येतोय. लोकांना गारठ्याखेरीज दुसरंही काही आठवायला द्या. कुणाकुणाची संमती?"

सात जण होते. सात हात वर गेले. त्यातला एक डोरीनचा.

एक मार्चला खोली बंद झाली. पुढच्या मंगळवारी घंटांचा सराव होता. नवे दोर आले होते, हातात धरायची लोकर लाल-पांढरी-निळी. विल्फनं दोर कुरवाळला आणि गोलाच्या पलीकडून डोरीनला ओठांनी विचारलं, "ती खोली कुणी गं बंद केली?"

मी दोघांच्या मधे होते. मला वाचता आलं. डोरीननं मान फिरवली आणि नव्या दोराची गाठ बघायला लागली.

दुसऱ्या मंगळवारी त्यानं पुन्हा विचारलं. त्याला तिच्यावर आळ घ्यायचा नव्हता. ती समितीत बसते, तिला ठाऊक असेल, इतकंच. तिनं पुन्हा मान फिरवली. तिसऱ्या मंगळवारीही तेच. चौथ्या मंगळवारी विल्फ आलाच नाही. त्या आठवड्यात डोंगरावर मार्चातला बर्फ पडला होता. बुधवारी शेजारणीनं दार फोडायला लावलं. विल्फ खुर्चीत होता, टोपी, कोट, हातमोजे, सगळं अंगावर. दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं.

त्यानंतर डोरीन बदलली. चहाला बोलावलं तर पाठ भिंतीला लावून बसायची. समोर रिकामी खुर्ची असली तर मला म्हणायची, "ती खुर्ची आत सार." एकदा किटली उतरवता उतरवता तिचा हात थांबला. ती खिडकीच्या काचेकडे बघत होती. काचेवर वाफ होती, बाकी काही नाही.

"काय झालं?" मी समोर जाऊन विचारलं.

"ओठ," ती म्हणाली. "नुसतं ओठ दिसत्यात. बाकी विल्फ नसतो. तेच विचारतो. मान फिरवली तर तिकडंबी ओठ." मग किटली खाली ठेवत, "डोळं मिटलं तरीबी वाचता येतंय गं, पोरी."

मला वाटलं, दुःख आहे, ओसरेल. समितीतल्या तिच्या हाताचं मला तेव्हा माहीत नव्हतं.

विल्फला जवळचं कुणी नव्हतं. अंत्यविधी नगरपालिकेच्या खर्चानं, म्हणजे त्यांच्या सवडीनं. कागद हलता हलता मे उजाडला. तारीख मिळाली गुरुवारची, सकाळी नऊची, जी वेळ कुणाला नको असते ती. राज्याभिषेक शनिवारी. पताका आधीच लागल्या होत्या. विल्फची पेटी पताकांच्या खालूनच चर्चात आली.

माणूस गेला की आमच्याकडे घंटा झाकून वाजवतात. घंटेच्या आतल्या लोळ्याला एका बाजूनं कातड्याची उशी पट्ट्यानं बांधायची. मग एक ठोका मोकळा पडतो आणि दुसरा लांबून, कुणीतरी दरीपलीकडून हाक दिल्यासारखा. ही झाली साध्या माणसाची रीत, आठ घंटांना आठ उश्या. दोन्ही बाजूंनी उशी फक्त राजाराणीला. सप्टेंबरात राणीसाठी आम्ही तशा बांधल्या होत्या, तेव्हा उश्या कमी पडल्या आणि डोरीननं जुन्या बुटांचं कातडं कापून शिवल्या होत्या.

गुरुवारी डोरीन एकटीच वर जाऊन उश्या बांधून आली. वाजवायला लागलो तर सात घंटा रीतीप्रमाणे वाजत होत्या आणि पाचवी दोन्ही ठोके मुकी. विल्फच्या दोरावर त्या दिवशी शेजारच्या गावची बर्निस होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी डोरीनकडे. डोरीनचा चेहरा दगडाचा. आम्हाला कळलं. गिरणीतल्या जॉबरला बाईनं गुपचूप राजाचा मान दिला होता.

संध्याकाळी तीच वर जाऊन उश्या सोडून आली. पिशवीत आठ मोजून भरल्या. आठ बांधायच्या, आठ सोडायच्या, पन्नास वर्षांची सवय. त्या दिवशी आपण नऊ बांधल्यात, हे तिचे हात विसरले.

शनिवारी सकाळी दहाला चौक माणसांनी भरला होता. पाऊस भुरभुरत होता तरी लोक छत्र्या घेऊन पडद्यासमोर बसले होते. टीव्हीवाल्यांची गाडीही आली होती. डोरीननं पहिल्या घंटेचा दोर धरला, नेहमीसारखी आरोळी दिली, "निघाली... ही गेली!" आणि आठही घंटा सुटल्या.

पहिला फेरा खणखणीत. परतीच्या फेऱ्यात चार घंटा वाजल्या आणि पाचवीच्या जागी भुईच्या पोटातून काहीतरी हुंकारलं. बर्निसचा रंग उडाला. पुन्हा एक फेरा मोकळा, पुन्हा तो हुंकार. आठांतल्या सात जणांना ऐकू येत होतं. आठवी होती डोरीन, ती मान ताठ ठेवून दोर बघत होती. मी तिच्या नजरेत येईपर्यंत ओठ हलवत राहिले, "पाचवी. उशी."

तिनं वाचलं. दोर चुकला नाही तिचा, पण चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवावा तसं झालं.

"उभ्या!" ती ओरडली. आम्ही घंटा तोंड वर करून उभ्या केल्या, दोर थांबले. इतक्यात पिकअपसाहेब जिना चढून धापा टाकत वर आले, छातीवर बिल्ला, गळ्यात साखळी.

"बाई, हे काय चाललंय? खाली लोक टोप्या काढायला लागलेत! मयत आहे का कुणाची?"

डोरीन त्यांच्या ओठांकडे नुसती बघत राहिली.

"बाराला मुकुट चढणार. टीव्हीवाले तेव्हाच आवाज घेणार आहेत. त्याच्या आत ते काय असेल ते काढा. गावाची शोभा होतेय."

आम्ही पाचवी हळूहळू खाली उतरवली. उभ्या घंटेखाली हात घालणं म्हणजे हात गमावणं. डोरीन आणि मी शिडीनं वर गेलो. वर अंधार. तिच्याशी बोलायचं तर मला मोबाइलचा उजेड माझ्याच तोंडावर धरावा लागत होता, आणि घंटेवर धरला की बोलणं बंद. ती उकिडवी बसली, घंटेखाली हात घातला, चाचपलं.

"हाय," ती म्हणाली. "माजीच शिलाई. बुटाचं कातडं."

मी उजेड तोंडावर घेतला. "सुटत नाही का?"

"सुटतीया की. पट्टा बोटात हाय." पण बोट हलेना. मग ती बोलली, कधी नव्हे इतकं हळू. "खोली मी बंद केली. समितीत हात वर केला. दोर पायजे हुतं मला. विल्फचा दोर झिजला हुता ना, तवा म्हनलं, थंडी काय, जाईल." तिचं बोट पट्ट्यावरच होतं. "त्यानं तीनदा विचारलं. तीनदा मी तोंड फिरवलं. सांगितलं असतं तर शिव्या दिल्या असत्या आन् माज्या घरी येऊन बसला असता. माजी शेगडी हुती की गं."

उजेड तोंडावर होता, म्हणजे माझं गप्प राहणंही तिला दिसत होतं.

"काढतेस ना?" मी शेवटी विचारलं.

तिनं हात बाहेर काढला. रिकामा. "राजासाठी येकदा हात वर केला तेवढा बास झाला. ह्यो न्हाई करायचा."

खाली आल्यावर पिकअपसाहेबांनी विचारलं, "झालं?"

"न्हाई काढली," डोरीन म्हणाली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा ते कळत नाही. दोरखोली घुमली. "खोली आपण सातजणांनी बंद केली, जेराल्ड. विल्फ त्यानं गेला. तुज्या सात हातांतला येक माजा हुता."

"बाई, हृदय बंद पडलं त्याचं. दाखला आहे."

"माज्याकडं नीट बघून बोल, ओठ दिसंनात."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं, पण पुन्हा बोलले नाहीत. मनोऱ्याच्या किल्ल्या तिच्याकडून काढून घेण्याबद्दल काहीतरी पुटपुटत खाली गेले. ते त्यांनी पुढच्या महिन्यात केलंही.

आम्ही पाचवी पुन्हा उभी केली आणि बाराची वाट बघत बसलो. बाराला दोन मिनिटं होती. डोरीननं बर्निसला पहिल्या दोरावर जायची खूण केली आणि स्वतः पाचवा धरला. तिथून समोर दगडी भिंत येते. भिंतीपाशी कुणी नव्हतं.

खाली चौकातून गलका उठला, मुकुट चढला असावा. बर्निसनं आरोळी दिली आणि आम्ही सुटलो. एक फेरा मोकळा, एक फेरा हुंकाराचा. खालचा गलका हळूहळू बसत गेला. डोरीन भिंतीकडे बघत ओढत होती. मुका ठोका पडला की तिचे ओठ हलायचे. तिला तो ऐकू येत नव्हता, दोराच्या चालीवरून कळत होता. मी वाचलं. "मी." पुढच्या फेऱ्याला पुन्हा, "मी." भिंतीला सांगत होती, तोंड न फिरवता.

ठरली होती दहा मिनिटं. दहा झाली, पंधरा झाली. थांबायची आरोळी म्होरक्यानंच द्यायची असते, दुसऱ्यानं नाही. माझे खांदे भरून आले, आठव्या घंटेवरचा माणूस घामानं निथळत होता. डोरीन सत्त्याहत्तर वर्षांची, तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. आता तिचे ओठ दुसरंच काही विचारत होते. मला वेळ लागला वाचायला.

"पुरे का?"

एक फेरा. ती भिंतीकडे बघून वाट बघायची. मग पुन्हा, "पुरे का?" पुन्हा वाट. आम्ही सात जण ओढत राहिलो. कुणी दोर सोडला नाही, कुणी तिच्याकडे बघायला धजेना, मी सोडून. किती फेरे झाले मला सांगता येणार नाही.

मग तिचे डोळे भिंतीवर एका जागी थांबले, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. तिनं वाचलं. नीट, शेवटपर्यंत वाचलं. मान डोलावली.

"उभ्या," ती म्हणाली.

आम्ही घंटा उभ्या केल्या. मी भिंतीकडे बघितलं. दगडाला पावसाची ओल आली होती, बाकी काही नव्हतं.