प्रेमिलाचे नव्वद चिंचोके

लकडगंजात लाकूड चिरणाऱ्या आरामशिनींच्या रांगेत, सागाच्या दोन थप्प्यांमध्ये चेपून बसलेलं एक दुकान होतं. पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती. चंद्रभान तिथे पंपांच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून द्यायचा. शेजारचा आरा सुरू झाला की गिऱ्हाईक ओरडून सांगायचं, चंद्रभान नुसती मान हलवायचा आणि मोटार ठरल्या दिवशी तयार असायची.

पण मंडळी, मोटारवाल्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट होती. नागपूरच्या ऑर्केस्ट्रांत त्या काळी जेवढ्या इलेक्ट्रिक गिटारी वाजत, त्यांतल्या निम्म्यांच्या पोटात चंद्रभानच्या हातची तार होती. गिटारच्या तारांखाली एक चपटी डबी बसवलेली असते, पिकअप म्हणतात तिला. आत चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की डबी तो थरार उचलून स्पीकरकडे धाडते. घोडीजवळचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीजवळचा पिकअप तर सगळ्यात तिखट. बाकीच्या वाजंत्र्यांच्या गर्दीतून वाट काढायची ती त्यानंच.

तो गुंडाळायला चंद्रभानला दोन माणसं लागत. एक तो स्वतः, दुसरी त्याची बायको प्रेमिला. यंत्राचं हँडल आणि तार त्याच्या हातात. तार इतकी नाजूक, की बोटांतून लक्ष काढलं की तुटलीच. म्हणून मोजणं प्रेमिलाकडे. ती समोर पाटावर बसायची आणि दर शंभर वेढ्यांना पितळी वाटीत एक चिंचोका टाकायची. टक्‌. मग पुढचे शंभर. नव्वद चिंचोके झाले की "बस करा जी!" म्हणून हात वर करायची. नव्वदच्या आत आवाज लुळा, पुढे गेला की सुजतो, हे दोघांनी कितीतरी डब्या वाया घालवून शोधलं होतं.

"तुमचं ध्यान तारेवर असू द्या," ती दटावायची. "मोजाचं माह्याकडं हाय. इकडं काय पाहून राहिले?"

"तुले पाहून राहिलो. चुकली तं?"

"मी? चुकते?" आणि ती अशी हसायची की चंद्रभानची तार खरंच तुटायची.

एकोणऐंशी साली श्रावणात चार दिवसांच्या तापात प्रेमिला गेली. त्याच आठवड्यात दोघांनी एका गिटारवाल्यासाठी पिकअप गुंडाळला होता. तो माणूस गाव सोडून गेला, पिकअप न्यायला आलाच नाही. चंद्रभानने तो बिस्किटाच्या डब्यात कापसावर ठेवला आणि डबा वरच्या फळीवर. पितळी वाटी यंत्राशेजारी तशीच राहिली, त्या पिकअपसाठी तिने टाकलेल्या चिंचोक्यांसकट. वाटीला त्याने बोट लावलं नाही. त्यानंतर बारीक तारेचं काम त्याने घेतलं नाही. मोटारीचे वेढे कमी. ते मनात मोजता येतात.

एक्याऐंशी साली गणपतीच्या आधी विश्वनाथ आला. मनोहररावांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. तिशीतला, हाडकुळा, बोलताना हवेत बोटं हलवणारा.

"काका, घोडीजवळचा पिकअप मेला. मले मोठा आवाज पाहिजे, पण घट्ट! जाडी तार छेडली की धप्‌ झालं पाहिजे न् थांबलं पाहिजे. भोंऽऽ करत बसाले नको."

"मी ते काम सोडलं गा."

"काहून?"

चंद्रभान हातातली मोटार पुसत राहिला. विश्वनाथ स्टुलावर बसला. "मनोहररावनं नवा ऑर्गन आणला. म्हणते, त्याच्यात गिटारही वाजते. उद्या सकाळी तालीम हाय. मी ऐकू आलो तं उमरेडच्या कार्यक्रमाले मी, नाही तं ऑर्गन. अन् एकदा राहिलो घरी, तं मंग राहिलोच."

घरी राहणं म्हणजे काय, ते चंद्रभानला माहीत होतं. त्याने गिटार ठेवून घेतली.

फुटक्या स्पीकरमधल्या काळ्या चुंबकाचे दोन तुकडे काढले, डबीखाली बसवले. वाटीकडे पाहिलं. ती रिकामी करायला हात धजेना. मग तो हँडल फिरवत मनातच मोजू लागला. सात हजारांपर्यंत नीट गेला. तेवढ्यात शेजारचा आरा बंद पडला, एकदम शांतता झाली, आणि समोरच्या पाटाकडे त्याची नजर गेली. मोजणी कुठे होती? आठ हजार? की अजून सातच? कमी नको म्हणून तो गुंडाळतच राहिला. मग स्पीकरमधून शिट्टी वाजू नये म्हणून गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवली, थंड केली, गिटारमध्ये बसवली.

दुपारी विश्वनाथने वाजवून पाहिलं. आवाज मोठा होता, पण घोंगडीत गुंडाळल्यासारखा. शेजारी आरा सुरू झाला, तशी गिटार त्यात विरघळून गेली.

"चालते, काका," विश्वनाथ म्हणाला.

"खोटं कायले बोलतं?"

"मंग काय बोलू? आता दुसरं करणार कोण?"

चंद्रभान उठला. फळीवरचा डबा काढला. कापसावरचा पिकअप तळहातावर घेतला, बोटाने पुसला. मग त्याने गिटारमधला आजचा पिकअप काढून त्याच चुंबकावर हा बसवला आणि तारा जोडायला झाळण्याची कांडी धरली.

आरा चालूच होता. विश्वनाथने जाडी तार छेडली.

धप्‌.

आरा चिरत होता, आणि त्याच्यावरून गिटार चालत गेली. प्रत्येक सूर उभा, कोरडा, जागच्या जागी. विश्वनाथने एक लकेर घेतली, दुसरी घेतली, मग लहान मुलासारखा हसला.

"अरे बाप रे! हा कोणी केला काका?"

"गुंडाळला मी. मोजला आमच्या हिनं. तिचा शेवटचा हाय."

विश्वनाथची बोटं तारांवरच थांबली. त्याने गिटार मांडीवरून उतरवली. "मंग हा राहू द्या तुमच्यापाशी. पहिल्यानं भागवतो मी."

"जे ऐकूच येत नाही, त्यानं काय भागते गा? डब्यात ठेवून मी तरी काय ऐकून राहिलो होतो? घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी विश्वनाथ सायकलवरून ओरडत आला, "काका, उमरेडले मीच!" मग हळू म्हणाला, "तुम्हीबी चला ना."

"दुकान कोण पाहीन?" चंद्रभान म्हणाला. रविवारी दुकानात कोणी येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

तो गेल्यावर चंद्रभानने रिकामा डबा पाहिला. कापसात पिकअपच्या आकाराचा खळगा होता. तसाच दुसरा करून तिथे ठेवावा असं त्याच्या मनात आलं. या वेळी अंदाजाने नको, चिंचोके टाकूनच. शंभर वेढे झाले की हात थांबवायचा, स्वतःच टाकायचा. वेळ काय, भरपूर होता. त्यासाठी वाटी रिकामी करायला हवी होती. त्याने ती धोतराच्या ओच्यात पालथी केली आणि एकेक चिंचोका मोजत पाटावर ठेवू लागला.

सत्त्याऐंशी.

त्याने पुन्हा मोजले. पाटाखाली पाहिलं, यंत्राखाली हात फिरवला. तिसऱ्यांदाही सत्त्याऐंशीच.

म्हणजे बाई तीन चुकली होती. छाती काढून "बस करा जी!" म्हणाली होती, आणि तीन कमी. आणि त्या चुकीतून निघालेला आवाज आऱ्याला भारी पडला होता!

चंद्रभानला असं हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. "काय वं," तो पाटाकडे वळून म्हणाला, "चुकत नाही म्हणे!"

सुट्टी होती. आरा बंद होता. त्याचंच वाक्य त्याला स्वच्छ ऐकू आलं.

थोड्या वेळाने त्याने यंत्राला तार लावली आणि शंभर वेढे घातले. हँडल सोडून वाकला, रिकाम्या वाटीत पहिला चिंचोका टाकला. सत्त्याऐंशीवर थांबायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं.