आठल्ये बाई आणि यंत्राचं ‘नो’

वाशीच्या मे महिन्यात स्वेटर घालून येणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या कॉम्प्युटर कॉलेजात एकच खोली एसी होती, तीही यंत्रांसाठी. आठल्ये बाई दाराबाहेर चपला काढत, पिशवीतले लोकरी मोजे चढवत आणि आत येऊन यंत्राकडे, आगाऊ न कळवता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघत.

मुंबईत तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या होत्या. यंत्राला नियम आणि माहिती देऊन त्याच्याकडून निष्कर्ष काढून घ्यायचा, असा एक विषय त्या वर्षी आमच्या अभ्यासक्रमात आला. शिकवायला कोणी मिळेना, म्हणून प्राचार्यांनी बाईंना गाठलं. कॉम्प्युटर त्यांनी आमच्यासोबतच पहिल्यांदा पाहिला आणि दिवाळीपर्यंत त्याच्याशी भांडायलाही शिकल्या.

भांडण आमच्याशीही चाले. एकदा मी उशिरा पोचलो आणि बस बंद होती असं सांगितलं. बाई म्हणाल्या, “बस बंद असली की तुला उशीर होतो, हे मान्य. पण तुला उशीर झाला म्हणजे बस बंद होती, हे कुठे सिद्ध झालं?” मी म्हटलं, खरंच बंद होती. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “असेल. पण तुझ्या उशिरावरून ते कळत नाही. बस खाली.” वर्ग खूश. पोरं घरी जाऊन आयांशी असेच वाद घालू लागली, तेव्हा दोन आया तक्रार घेऊन आल्या. बाईंनी त्यांच्याही बोलण्यातली चूक काढली.

प्राचार्यांना हा विषय पोरांना नोकरी मिळवून देणार नाही असं वाटू लागलं होतं. तो बंद करायचा की ठेवायचा, हे संस्थेचे अध्यक्ष येऊन ठरवणार होते. अध्यक्ष जवळच्या जासई गावचे, सगळे त्यांना शेठ म्हणत. बाईंनी आमच्याकडून कॉलेजची सगळी माहिती यंत्रात भरून घेतली: कोण काय शिकवतं, कोण कुठल्या वर्गात आहे, कोणाला कुठे जायची परवानगी आहे. शेठ आले, चपला काढून आत बसले आणि दोन-चार उत्तरं बरोबर आल्यावर मान डोलवू लागले. मग मला म्हणाले, “त्याला इचार, मी या कालेजचा अध्यक्ष हाय का?”

मी प्रश्न टाइप केला. पडद्यावर आलं, ‘नो’.

प्राचार्यांचा चेहरा एसीतही घामेजला. मशीन बिघडलंय, असं काहीतरी ते पुटपुटले. बाई म्हणाल्या, “बिघडलेलं नाही. शेठ, तुमची माहिती भरायची राहिली, चूक माझी. याची रीतच अशी, की जे सांगितलेलं नाही आणि सिद्धही होत नाही, ते नाहीच.” प्राचार्यांनी डोळे मिटले.

शेठ मात्र पडद्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, “बाई, आमी तीन पिढ्या मिठागरात राबलो. ह्या नव्या शेरासाठी जमीन घ्यायला साहेब आले तवा म्हनाले, कागदाव नाव नाय, म्हंजे तुमी इथं नव्हताच. तो साहेब पन असाच शिकला असंल.”

  बाई खुर्चीत बसल्या आणि पडद्यावरचं ते ‘नो’ पुन्हा वाचू लागल्या. शेठ उठले. जाताना प्राचार्यांना म्हणाले, “ह्यो इषय ठेवा. आमची पोरं उद्या साहेब व्हनार हायत.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी काम दिलं: यंत्राने ‘हो’ आणि ‘नाही’ याखेरीज ‘ठाऊक नाही’ हेही उत्तर दिलं पाहिजे. आम्ही कुरकुरलो, प्रोग्राम तिप्पट लांबत होता. बाई एवढंच म्हणाल्या, “‘नाही’ आणि ‘ठाऊक नाही’ यांतला फरक यंत्राला कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही. तुम्हाला कळतो. मग लिहा.”

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून प्रोग्राम लिहितो. त्या तिसऱ्या उत्तराला जागा ठेवली की वरचे लोक वैतागतात, एवढी भानगड कशाला म्हणून विचारतात. मी वाद घालत नाही. जागा मात्र ठेवतो.